नीलकंठ खेरांची कावीळ

झाशीच्या एका प्रयोगशाळेत नीलकंठ खेर अठरा वर्षं माकडं सांभाळत होते. यंदा उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली. महिन्याभराने कामावर परतले, तेव्हा जमना ही म्हातारी माकडीण अन्नाला तोंड लावत नव्हती. तिच्या रक्तात काविळीचाच विषाणू सापडला होता.

“माझ्यामुळे?” त्यांनी प्रयोगशाळेतल्या डॉक्टर आभांना विचारलं.

“बहुतेक. पण काका, लक्षणं दिसायच्या आधीच तो पसरतो. तुम्हाला कळणार कसं?”

नीलकंठ रोज मास्क, हातमोजे घालून पिंजऱ्यापाशी बसू लागले. घरी मुलं हिंदीतच बोलत. जमनाशी मात्र ते मराठीत बोलायचे. “चुकलं गं माझं, थोडं खा,” म्हणत पपईची फोड पुढे धरायचे.

नवव्या दिवशी तिने ती घेतली. खाऊन झाल्यावर गजांतून हात काढून, उवा शोधाव्यात तशी त्यांची बाही चाचपत राहिली. जेवायची सुट्टी संपली तरी नीलकंठ हलले नाहीत.