चित्र कुठंय?
परवा दुरुस्तीच्या दुकानात जुना मॉनिटर तापल्याचा वास आला आणि शालिमारजवळचा आमचा कॉम्प्युटर विकायचा गाळा आठवला. इगतपुरीच्या एका क्लासच्या सरांना मी घासाघीस करून पटवलं होतं, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट टाकून देतो, सगळे कॉम्प्युटर माझ्याकडूनच घ्या. सर नमुना बघायला आले. लिनक्स बसलं, पासवर्डही घेतला, पण पुढे काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. मी सगळं पुन्हा टाकलं, तरी तेच. सर म्हणाले, “शेठ, चित्र कुठंय? पोरांना हा फळाच दाखवायचा का?” माझा भागीदार इतका वेळ शेजारी निवांत चहा पीत होता. “सरक जरा,” म्हणत त्याने ‘स्टार्टएक्स’ एवढंच टाइप केलं. पडदा करडा झाला आणि निळा डेस्कटॉप उघडला. सर त्याच्याकडे वळले, “आता पुढचं तुमच्याशीच बोलतो.” मी भडकलो, “माहीत होतं तर तोंड शिवून का बसला होतास?” तो हसला, “तू विचारलंस कुठे?” सरांचं ते काम घेऊन त्याने कॉलेज रोडला स्वतःचं वेगळं दुकान थाटलं. अजूनही सौद्याला बसलो की जो गप्प असतो, त्याला मी आधी बोलायला लावतो. किमतीचं बोलणं नंतर.