रेफरी बघायचा अमेयच्या हाताकडे

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. गाडीच्या डिकीत सामान साठतं तसे ते साठत जातात. आमच्या डिकीत अजून दोन घडीच्या खुर्च्या आहेत, एक मोडकी छत्री आहे, चिखल वाळलेले गमबूट आहेत आणि कुणाची तरी एकच जँडल, म्हणजे इथली रबरी स्लीपर, आहे. माझा नवरा मिलिंद दर वर्षी म्हणतो, "टाकून देऊ या." मी म्हणते, "राहू दे, त्या जँडलचा एक किस्सा आहे." तो किस्सा काय होता ते आता मलाही आठवत नाही. बाकीचे मात्र आठवतात, आणि चार माणसं जमली की मला राहवत नाही.

हे सगळे किस्से अमेयचे. खरं सांगायचं तर अमेयचे थोडे आणि त्याच्या फॅन्सचे, म्हणजे आमचे, जास्त!

दोन हजार चार-पाचची गोष्ट. ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये आमची मोजकी मराठी घरं होती. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे, बहुतेक सगळ्या जणींचे नवरे कॉम्प्युटरवाले. त्या सगळ्यांत मिळून फुटबॉल खेळणारा मुलगा एकच, माझ्या मैत्रिणीचा, वृंदाचा अमेय. इथं हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. अमेय कॉलेजच्या पहिल्या टीममध्ये डिफेंडर होता. म्हणजे गोल करायला येणाऱ्याला अडवायचं काम. अडवताना तो बॉल आणि माणूस यांत फारसा फरक करायचा नाही, आणि पुढच्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू झाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे थर्मास घेऊन ग्राउंडवर. आमचे पुढारी दबीरकाका. नाशिकहून बँक मॅनेजर म्हणून रिटायर होऊन मुलाकडे कायमचे आलेले. शटर पडल्यावर सख्ख्या मेव्हण्याचाही चेक घेतला नाही, ही त्यांची आयुष्यातली मोठी कमाई. फुटबॉल त्यांना ठाऊक नव्हता, पण बँक ठाऊक होती. पिवळं कार्ड म्हणजे मेमो. लाल कार्ड म्हणजे सस्पेन्शन. ऑफसाइड त्यांना मिलिंदनं तीन वेळा समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "कळलं. चेक बरोबर आहे, पण तारीख पुढची आहे."

आम्हाला सगळ्यांना ऑफसाइड त्या दिवशी कळलं.

*

अमेयचा पहिला गुन्हा होता मनगटातला काळा दोरा. दृष्ट लागू नये म्हणून वृंदानं बांधलेला. मॅचच्या आधी रेफरी सगळ्यांचे बूट आणि हात तपासायचा. आमच्या बहुतेक मॅचना रेफरी एकच असायचा, ग्रॅहम. साठीचा प्लंबर, गुडघ्याला पट्टा, आवाज मात्र खणखणीत. त्यानं दोरा बघितला आणि सांगितलं, "नो ज्वेलरी, मेट."

"ज्वेलरी?" दबीरकाका उसळले. "पन्नास पैशांचा दोरा आहे तो!"

वृंदा कापायला तयार नाही, ग्रॅहम खेळू द्यायला तयार नाही. शेवटी टेप गुंडाळायचं ठरलं, पण टेप कुणाकडेच नव्हती. मग ग्रॅहमच स्वतःच्या व्हॅनकडे गेला आणि प्लंबिंगची चंदेरी टेप घेऊन आला. अमेयच्या मनगटाला त्यानं स्वतःच्या हातांनी चार वेढे दिले. त्या दिवशी टीम पाच गोलनी जिंकली.

पुढच्या शनिवारी वृंदा गाडीतून उतरते तो समोर रांग! गोलकीपर, दोन्ही स्ट्रायकर, बदली खेळाडू, सगळे हात पुढे करून उभे. "मिसेस के, कॅन आय गेट अ ब्लॅक वन टू?" अख्खं आडनाव त्यांच्या जिभेला पेलायचं नाही. वृंदानं पर्समधलं काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि भराभरा दोरे बांधले. ग्रॅहमनं ती रांग बघितली आणि टेप आणायला व्हॅनकडे वळला.

*

दुसरा गुन्हा खाण्याचा. हाफटाइमला मुलांना संत्र्याच्या फोडी द्यायची इथं पद्धत आहे. प्रत्येक आईची पाळी ठरलेली. वृंदाची पाळी आली आणि तिला वाटलं, एवढ्या थंडीत पोरांच्या हातावर आंबट फोडी कसल्या ठेवायच्या? तिनं साजूक तुपातले बेसनाचे लाडू नेले. मोठ्ठे!

कोच सिओनेचा नियम होता की मॅच संपेपर्यंत जड काही खायचं नाही. अमेयनं नियम मोडला, एक नाही, तीन लाडू खाऊन. बाकीच्यांनी त्याचं बघून खाल्ले. सेकंड हाफमध्ये आमची टीम पंगतीतून उठल्यासारखी चालत होती. दोन गोलनी पुढे होतो, एका गोलनी हरलो.

सिओने आला. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचा धिप्पाड माणूस, पण बायकांशी बोलताना आवाज एकदम मऊ. "वृंदा, लाडू हीप्स गुड. बट आफ्टर द गेम, प्लीज."

वृंदाला इतकं लागलं की ती गाडीत रडली. मी तिला समजावलं, की अगं, लाडू फुकट घालवायचे नाहीत, फक्त माणसं बदलायची. पुढच्या मॅचला हाफटाइम झाल्याबरोबर आम्ही दोघी डबा घेऊन समोरच्या टीमकडे गेलो. "प्लीज, यू आर अवर गेस्ट्स!" बिचाऱ्यांनी डबा चाटूनपुसून परत दिला.

मॅच आम्ही जिंकलो. सिओनेनं रिकामा डबा बघितला, समोरची टीम बघितली आणि विचारलं, "सेम अगेन नेक्स्ट वीक?"

*

हे झाले चिल्लर गुन्हे. खरा गुन्हा वेगळाच होता आणि तो वृंदानं अमेयला, तो दोन वर्षांचा असताना, शिकवला होता.

पाय लागला की नमस्कार!

आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला, तर त्याला हात लावून तो छातीला लावायचा. अमेय तीन वर्षांचा असताना इकडे आला. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. गणपतीची आरती अर्धी यायची. हा नमस्कार मात्र हाडात मुरलेला.

एका मॅचमध्ये त्यानं समोरच्या पोराच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली. ग्रॅहमची पाठ होती. लाइन्समनचंही लक्ष नव्हतं. कुणालाही कळलं नसतं. पण अमेय खाली वाकला, त्या पोराच्या नडगीला हात लावला आणि छातीला लावला. ग्रॅहम वळला तो नेमका त्याच वेळी.

त्या पोराला वाटलं हा आपली टर उडवतोय. त्यानं अमेयला ढकललं. ग्रॅहमनं दोघांनाही पिवळं कार्ड दाखवलं.

इकडे टीमनं डोक्याला हात लावला, आणि आमच्या बाजूला? आमच्या बाजूला टाळ्या! वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत? एवढ्या गडबडीतसुद्धा विसरला नाही पोरगा!"

मॅचनंतर ती तडक ग्रॅहमकडे गेली आणि सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक माणसात देव असतो, त्याला पाय लावायचा नसतो, लागला तर क्षमा मागायची असते. ग्रॅहमनं टोपी काढून ऐकून घेतलं. "दॅट्स ब्यूटिफुल," तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून आवडलं होतं.

पुढच्या मॅचपासून तो फाउल बघायचाच नाही. कुणी पडलं की फक्त अमेयच्या हाताकडे बघायचा. हात खाली गेला की शिट्टी! वर पुन्हा, "थँक यू, अमेय."

*

पिवळी कार्डं जमत गेली. सिओनेनं सांगितलं, आता आणखी एक मिळालं तर अमेय शेवटच्या मॅचला बाहेर बसेल. आणि ती मॅच साधी नव्हती. जिंकलो तर कॉलेज पहिल्यांदा लीगचा कप जिंकणार होतं. अमेयची तर ती शेवटचीच. पुढच्या वर्षी तो इंजिनिअरिंगला ख्राइस्टचर्चला जाणार होता, आणि त्याच्या बाबांनी बजावलं होतं की तिथं फुटबॉल बंद.

मग आमच्या घरी मीटिंग बसली. विषय, अमेयनं नमस्कार थांबवावा की नाही.

मिलिंद म्हणाला, "मनातल्या मनात करू दे की."

वृंदा म्हणाली, "पाय मनातल्या मनात लागतो का?"

दबीरकाकांची वेगळीच योजना. "अकराही जणांनी सारखा नमस्कार करत राहायचा. मग खरा कुठला आणि खोटा कुठला, ऑडिटरलासुद्धा कळणार नाही."

शेवटी सिओनेलाच बोलावलं. कोच सांगेल तर वृंदा ऐकेल, असा आमचा हिशेब. तो आला, दारात बूट काढले, आणि दबीरकाका सोफ्यावर बसले होते म्हणून त्यांच्यासमोरून जाताना मान म्हणून कमरेत वाकून गेला. वृंदानं ते बरोबर टिपलं.

"तुमच्याकडेपण असतं?" तिनं विचारलं.

"ऑल्वेज," सिओने म्हणाला. "माय मम वुड किल मी."

संपलं! वृंदाला समजवायला आलेला माणूस तासभर आपल्या आईच्या गोष्टी सांगत बसला. जाताना म्हणाला, की पोरानं आईनं शिकवलेलं सोडावं असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि लाडवांचा डबा घेऊन गेला.

*

अमेयनं मात्र आपल्यापुरतं ठरवलं होतं. हे आम्हाला कळलं ते कोपऱ्यावरच्या डेअरीत. डेअरी म्हणजे इथलं दूध-ब्रेडचं छोटं दुकान. तिथं काउंटरशी वळताना अमेयचा बूट दबीरकाकांच्या बुटावर पडला. मी मागेच उभी होते. पोराचा हात सवयीनं खाली निघाला, अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला.

"सॉरी, काका," तो म्हणाला.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी ब्रेडची पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, "मॅचची प्रॅक्टिस माझ्यावर करू नकोस रे."

अमेय लाल झाला. तिथल्या तिथे वाकला, काकांच्या बुटाला हात लावला, छातीला लावला. दुकानदार बघतच राहिला. मला पोराची दया आली. त्याला तो कप हवा होता, आणि आम्ही कुणीच त्याला सोपं करून देत नव्हतो.

*

मधल्या मॅचेसमध्ये अमेय एखाद्या साधूसारखा खेळला. कुणाच्या जवळच गेला नाही. कार्ड मिळालं नाही, आणि शेवटचा शनिवार उजाडला.

पाऊस, वारा, चिखल. रेफरी ग्रॅहम. आम्ही एका गोलनी पुढे आणि मॅच संपत आलेली. वृंदा माझा दंड इतका घट्ट धरून उभी की रात्री वळ दिसले. तेवढ्यात त्यांचा नऊ नंबर, लाल केसांचा उंच पोरगा, बॉल घेऊन सुटला. सगळ्यांना मागे टाकून थेट आमच्या गोलसमोर. आडवा फक्त अमेय. अमेय चिखलातून घसरत गेला, बॉल बाहेर उडाला आणि नऊ नंबर धाडकन पडला.

"पेनल्टी!" त्यांचे आईबाप ओरडले.

पेनल्टी म्हणजे गोल झाल्यातच जमा. गोल म्हणजे बरोबरी, आणि बरोबरी झाली तर कप त्यांचा. ग्रॅहम फार मागे होता, मध्ये चारपाच पोरं होती, त्याला काहीही दिसलं नव्हतं. तो धापा टाकत आला. पडलेल्या पोराकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो अमेयसमोर उभा राहिला आणि त्याच्या हाताकडे बघायला लागला.

सगळं ग्राउंड अमेयच्या हाताकडे बघत होतं.

अमेय उठला. उजवा हात हलला. वृंदानं डोळे मिटले. हात खाली गेला, आणखी खाली गेला, आणि त्यानं स्वतःचा मोजा वर ओढला.

ग्रॅहम एक क्षण थांबला. मग त्यानं दोन्ही हात फैलावले. "प्ले ऑन!"

पुढच्या मिनिटाला शेवटची शिट्टी झाली. आम्ही काय नाचलो! दबीरकाकांनी कानटोपी हवेत उडवली. मिलिंदनं कुठल्या तरी अनोळखी कीवी बाईला मिठी मारली. वृंदा डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, "लागलाच नाही हो पाय! लागला असता तर केलाच असता त्यानं!"

दोन्ही टीम रांगेत हात मिळवत होत्या. गुड गेम, गुड गेम. ग्रॅहम तिथंच बाटलीतलं पाणी पीत उभा होता. अमेय एकेकाशी हात मिळवत पुढे सरकत नऊ नंबरपाशी आला. थांबला. खाली वाकला, त्या पोराच्या नडगीला हात लावला आणि छातीला लावला.

ग्रॅहमची बाटली तोंडाशीच राहिली.

वृंदाची वटवट बंद झाली. ग्रॅहम अमेयकडे बघत होता, मग तो आमच्याकडे बघायला लागला.

दबीरकाकांनी शांतपणे चिखलातली कानटोपी उचलली, झटकली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"शटर पडलंय," ते म्हणाले. "आता आलेली एंट्री उद्याच्या तारखेत."