दोन मिनिटांचा फादर

नगरहून निघताना बॅगेत चार कपडे, औषधांचा डबा, टाइप केलेलं एक पत्र आणि तळाशी एक पांढरा झगा होता. झगा पाहून सून म्हणाली, "पप्पा, तुम्ही चर्चचे पाळक कधी होतात?"

"कधीच नव्हतो. तेच सांगायला दिल्लीला चाललोय."

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची अकरा वर्षं दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काढली. तिथे एक नेताजी दर वर्षी सर्वधर्म प्रार्थना भरवत. स्टेजवर चार खुर्च्या. पंडितजी, मौलवीसाहेब, गुरुद्वाऱ्याचे ग्रंथीजी, आणि चौथा मी. प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिल्या वर्षी मी शर्ट-पँटमध्ये गेलो, तर नेताजी म्हणाले, "गायकवाड जी, ऐसे तो आप बाबू लगते हैं. पब्लिक को दूर से क्रिश्चन दिखना चाहिए." दुसऱ्याच दिवशी त्यांचा माणूस मला करोल बागेतल्या शिंप्याकडे घेऊन गेला आणि झगा शिवून आला. दीक्षा नाही, अधिकार नाही. चर्चच्या मंडळीतला एक साधा सभासद, आणि वर्षातून एकदा फादर. मला ते आवडत होतं, हे आधी लिहून टाकतो.

गाडी सकाळी निजामुद्दीनला पोचली. स्टेशनबाहेर छोले-कुलचे खाल्ले आणि दिवसभर जळजळीने हैराण झालो. उतरलो मेश्राम वहिनींकडे. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. त्यांचे यजमान माझ्याच खात्यात होते, आता नाहीत. मुलगा सरकारी नोकरीत असल्यामुळे पत्ता अजून आर. के. पुरमच आहे. निम्म्या जुन्या इमारती पाडल्यात, पत्र्यांच्या कुंपणामागे क्रेन उभ्या आहेत. माझा ब्लॉक कुठे होता तेही मला सांगता येईना.

वहिनींनी पोहे पुढे ठेवले आणि सरळ विचारलं, "काहून आलात भाऊजी? चौदा वर्षांनी?"

"सिमोनला भेटायला."

त्यांचा हात थांबला. "आत्ता आठवला होय? त्या कागदावर सही नका करू म्हणून हे तुम्हाला जिन्यात उभं राहून सांगत होते. तुम्ही म्हणालात, मेश्राम, हा आमच्या धर्माचा अंतर्गत प्रश्न आहे."

म्हणालो होतो. शब्दन् शब्द.

वहिनींनी एकदा नेताजींकडे पाचवी खुर्ची मागितली होती, बुद्धवंदनेसाठी. नेताजी हसून म्हणाले होते, "आप तो अपने ही हैं, अलग से क्या?" मी तेव्हा शेजारीच उभा होतो आणि बुटाकडे पाहत होतो. कोण वेगळा आणि कोण आपला, हे नेताजी ठरवणार. त्यांनी मला वेगळा ठरवून खुर्ची दिली आणि मी त्यालाच सन्मान समजलो.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने फरीदाबादला निघालो आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. थेट विमानतळ आला. एका मुलीने हात धरून फलाट बदलून दिला, "अंकल, कालकाजी से चेंज करना, भूलना मत." जाताना पुलाखालच्या काळ्या पाण्याकडे बघत मी पत्र मनात पुन्हा वाचलं.

गोष्ट अशी. सिमोन मिंज हा झारखंडचा माणूस फरीदाबादच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा. रविवारी त्याच्या भाड्याच्या खोलीत पंधरा-वीस मजूर प्रार्थनेला जमत आणि मांदर (आदिवासींचा ढोल) वाजवून गात. कोणीतरी पोलीस चौकीत तक्रार केली, इथे धर्मांतर चालतं. नेताजींनी मला बोलावलं. म्हणाले, "आप लिख दीजिए कि ये असली चर्च नहीं है. नहीं तो सबकी प्रार्थना बंद होगी." मी लिहिलं: सदर सभा ही ख्रिस्ती उपासना नाही, ख्रिस्ती समाजाचा तिच्याशी संबंध नाही. खाली सही, आणि सहीखाली 'ख्रिस्ती समाजाचे प्रतिनिधी'.

भीतीने लिहिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला ते निम्मं पटलेलं होतं. आमच्याकडे मिशनच्या काळापासूनचं देऊळ (चर्च), ऑर्गन, छापील उपासना. ढोल बडवून, चटईवर बसून, पाळकाशिवाय प्रार्थना करणारे मजूर माझ्या लेखी ख्रिस्ती नव्हतेच. तो कागद चौकीत पोचला आणि सिमोनला अकरा दिवस आत ठेवलं. घरमालकाने खोलीला कुलूप घातलं, कारखान्याने काढून टाकलं. मला हे सगळं कळलं. तरी पुढच्या वर्षी मी झगा इस्त्री करून स्टेजवर गेलो आणि दोन मिनिटं शांतीसाठी प्रार्थना केली.

सिमोनची आताची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. सिमोन आता ई-रिक्षा चालवतो. दारात उभा राहून त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आप वही हैं ना, सफेद कपड़े वाले? आज पहना नहीं?"

'बसा' असं काही म्हणाला नाही. त्याची बायको फुलमनी, तिने स्टूल सरकवलं आणि लाल चहा (बिनदुधाचा) दिला. मांदर भिंतीवर टांगलेला होता. मी त्याच्याकडे पाहतोय हे बघून ती म्हणाली, "अब नहीं बजाते. खिड़की बंद करके धीरे गाते हैं."

मी पत्र वाचून दाखवलं. मी पाळक नव्हतो, मला कोणी प्रतिनिधी नेमलं नव्हतं, सिमोन मिंज यांच्या घरची उपासना ही माझ्या उपासनेइतकीच ख्रिस्ती होती, माझं आधीचं पत्र खोटं होतं. वाचून झाल्यावर ते त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं नाही.

"पहले वाला किसको दिया था?"

"नेताजी को."

"तो ये मुझे क्यों दे रहे हैं? मुझे तो मालूम है कि मैं झूठा नहीं था."

चहा मी तसाच गिळला.

तिथून मेट्रोने करोल बाग. झगा शिवणाऱ्या शिंप्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नेताजींचं कार्यालय मात्र तिथेच, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर. त्यांचा सेक्रेटरी मला पाहून उठलाच.

"अरे फादर साहब! रविवार को प्रोग्राम है और क्रिश्चन मिल नहीं रहा था. भगवान ने भेज दिया!"

"मैं फादर नहीं हूँ. कभी नहीं था."

"वो तो हमें भी पता है जी," तो हसून म्हणाला.

माझं डोकं फिरलं. सोळा वर्षं ज्या ओझ्याने मी वाकलो, ते यांच्या लेखी एक गंमत होती. मी पत्र टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं. हसू गेलं.

"पुरानी बात है अंकल जी. चाय पीजिए."

"चाय नहीं. रिसीविंग (पोच)."

छत्तीस वर्षं सरकारी टेबलावर काढलेला माणूस आहे मी. शिक्का आणि आवक क्रमांक नसलेला कागद म्हणजे न लिहिलेला कागद, हे मला कोणी शिकवायला नको. खुर्ची ओढली आणि बसलो. तीन तास. दोनदा लघवीला गेलो तेही पत्र घेऊन. शेवटी त्याने फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू आला, "दे दे यार, बुड्ढा है."

शिक्का पडला. त्याने वर लिहिलं, 'फादर गायकवाड जी से प्राप्त'. मी त्याच्याच पेनाने फादर खोडलं आणि लिहिलं, 'निवृत्त सेक्शन ऑफिसर'. मग पिशवीतून झगा काढून टेबलावर ठेवला. तो लगेच म्हणाला, "बढ़िया, छोड़ जाइए. किसी और को पहना देंगे."

मी झगा हिसकावून घेतला.

हीच त्यांची सर्वधर्मसमभावाची व्याख्या. झगा रिकामा चालतो, आत कोण आहे याच्याशी मतलब नाही. ख्रिस्ती माणूस म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मला राजकारण्याच्या स्टेजवर खुर्ची नको. सिमोनची खिडकी उघडी राहू दे. मेश्राम वहिनींची वंदना, मौलवीसाहेबांची नमाज, कुणाचीच उपासना खरी की खोटी हे लिहून देणारा माणूस या देशात नेमला जाता कामा नये. मी तो माणूस होतो.

घरी आल्यावर वहिनींनी झगा कात्रीने उभा कापला. "टेरिकॉट आहे भाऊजी. पाणी पीत नाही. पंखा पुसायच्याही कामाचा नाही!"

पत्राची एक प्रत रजिस्टर पोस्टाने त्या चौकीला पाठवली. पोच घेतलेली प्रत सिमोनला. परतीच्या गाडीत मथुरेच्या आसपास त्याचा फोन आला. "मिल गया. पढ़ लिया." बस. त्याने मला माफ केलं असं लिहून मी हा प्रवास गोड करणार नाही. तो तसं म्हणाला नाही.

नगरला आल्यावरच्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळे उठून पुढे गेले. मी बाकावर बसून राहिलो. ज्याचं वाकडं केलं त्याच्याशी आधी समेट कर, मग वेदीपाशी ये, असं शुभवर्तमानात आहे. शेजारचे भोसलेसर वाकून म्हणाले, "तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी आहे, सर," मी म्हटलं. "एका माणसाचं उत्तर यायचंय."