पाचवा पैलवान

बाच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला दाबायला रबरी चेंडू दिला. बानं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून बाहेर फेकला. "मी काय लेकरू हाय का?" मग मी माळ्यावरून माझा शाळेत असतानाचा टीव्ही गेम काढला. चेंडूपेक्षा हाच जास्त लेकरांचा खेळ, पण ते त्याला सांगायची मला गरज वाटली नाही.

हिंगोलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मागे दोन खोल्या. बा आणि माय उपचारासाठी तिथं येऊन राहिले होते. जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या आमच्या मेंढ्या चुलत्यानं त्याच्या कळपात घेतल्या होत्या, पण दिवाळीपर्यंतच. तोवर हात आला तर बा परत मेंढ्यांमागे जाणार, नाही आला तर मेंढ्या विकायच्या. म्हणजे मी विकायच्या.

गेम मारामारीचा. आपल्याकडे पाच पैलवान असतात. लढत जिंकली की थोडी ताकद मिळते, ती पाचांपैकी कुणालाही द्यायची. कॅसेट ते सगळं लक्षात ठेवते, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. शेवटी एक डोंगराएवढा गडी येतो आणि त्याच्याशी एकट्यालाच भिडावं लागतं. म्हणून शहाणा माणूस सगळी ताकद एकाच पैलवानात घालतो. मी दहावीत तसंच केलं होतं. तेव्हा मला बराच वेळ असायचा. बहीण दिवसभर मेंढ्यांमागे चालायची, मी शाळेतून येऊन टीव्हीपुढं बसायचो, आणि जेवताना तव्यावरची पहिली भाकरी बा माझ्याच ताटात टाकायचा. बहीण धुसफुसायची. मी तिला वेडावून दाखवायचो. लाडका होतो ना.

बा रोज दुपारी खेळायचा. आधी आधी उजवा अंगठा डाव्या हातानं उचलून बटणावर ठेवावा लागे. महिन्याभरात तो आपणहून हलायला लागला. "हात येऊन राहिला रे," माय डोळे पुसत म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. मी आतून तपासून पाहिलं, काहीच नव्हतं. गिऱ्हाईक थांबलं होतं, मी जाऊन त्याच्या आधारकार्डाच्या प्रती काढल्या. ते सगळं वर्षच असं गेलं.

राग तेवढा येत होता. पाचवा पैलवान काडीसारखा, एक पाय ओढत चालणारा. बा त्याला लंगडं म्हणायचा आणि जिंकलेली सगळी ताकद त्याला द्यायचा. ते जरा धडधाकट झालं की मग जो मागं पडला असेल त्याला. पाचही सारखे, आणि शेवटच्या गड्यापुढं पाचांतला कुणीही गेला तरी दोन मिनिटांत आडवा. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"काहून वाया घालवतो? एकालाच दे, तर जिंकशील."

"सकाळी मेंढी धरली की आधी कोनतं कोकरू लावतेत कासेला?" त्यानं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं.

"अशक्त."

"मंग. तगडं त्याचं त्याचं पिऊन घेतंय."

मी दुकानात गेलो.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. बोटं आली होती, पकड आली नव्हती. बटण दाबता येईल, घास खाता येईल, पण पळती मेंढी धरता येणार नाही. बानं सदऱ्याची बाही खाली ओढली आणि "बराबर हाय" एवढंच म्हणाला.

मी एकटाच गावाकडं गेलो. व्यापाऱ्याचा टेम्पो आला, मेंढ्या चढल्या, मागचा फाळका लागला. चुलता रडत होता. मी मोबाईल बघत उभा होतो.

संध्याकाळी घरी आलो तर बा गेम लावून बसला होता, पण खेळत नव्हता. पाचही पैलवान पडद्यावर नुसते उभे.

"म्हातारी मेंढी उचलून चढवली का? तिला उडी मारता येत न्हाई."

"व्हय," मी म्हणालो. मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

बानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग टीव्ही बंद केला. मायनं ताटं वाढली. तव्यावरची पहिली भाकरी उतरली, तशी त्यानं ती उजव्या हातानं उचलली. भाकरी पडता पडता राहिली, आणि त्यानं ती माझ्या ताटात टाकली.

"तू खाय आधी."

आजारी तो होता. मेंढ्या त्याच्या गेल्या होत्या. मी भाकरीकडं पाहत बसलो, घास काही तुटेना. इतकी वर्षं मी स्वतःला लाडका समजत आलो होतो.