ब्रेकमधली हवा

जीपची कामं मी घरीच करायचो. घर म्हणजे चेन्नईबाहेर सिरुसेरीजवळच्या आमच्या सोसायटीचं तळमजल्यावरचं पार्किंग. त्या रविवारी चारही चाकं बदलून झाली होती. नवे रिम, त्यांवर जुन्यांपेक्षा दोन बोटं उंच, खोल नक्षीचे टायर. चाकं जड झाली की गाडी थांबवायलाही जास्त जोर लागतो, म्हणून पुढच्या डिस्क, पॅड आणि ब्रेकच्या नळ्यासुद्धा नव्या घातल्या. काम संपल्यासारखं दिसत होतं, पण पेडल दाबलं की पाय लोण्यात रुतल्यासारखा खाली जायचा. नळ्यांमध्ये हवा शिरली होती.

ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन तिथला छोटा स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. आजवर पेडलवर माझा मित्र असायचा. एकाच कारखान्यात होतो आम्ही, जीपही दोघांनी मिळून हेरलेली. तो जर्मनीला गेल्याला दीड वर्ष झालं होतं.

सात वर्षं मी त्या सोसायटीत राहत होतो. कोणाला बोलवावं याचा विचार करत टायरला टेकून बसलो, तेव्हा लक्षात आलं की बेल वाजवावी असं एकही दार नाही. शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'पार्किंगमध्ये दहा मिनिटं मदत हवी आहे.' एकानं अंगठा पाठवला. एकानं मेकॅनिकचा नंबर दिला. एकीनं विचारलं, तेलाचे डाग कोण पुसणार?

"घाला चुलीत!" मी मोठ्यानं म्हणालो.

"मराठी कां तुम्हीं?"

खांबापलीकडे एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. बाहेर ऊन असलं की त्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारायच्या. इतकी वर्षं आम्ही एकमेकांकडे बघून फक्त मान हलवत होतो. त्यांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं. मराठी जुन्या वळणाची, बोलण्याचा हेल मात्र तमिळ. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं.

मी अडचण सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"दाबायचें आणि धरायचें. एवढेंच ना? मी बसतें."

प्लास्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून, माझ्या खांद्याला धरून त्या वर चढल्या. साडी सावरली, चप्पल काढून माझ्या हातात दिली. मी मागच्या डाव्या चाकाखाली सरकलो.

"दाबा, आजी!"

"एक, दोन, तीन. धरलें!"

मी स्क्रू सैल केला. पेडल एकदम खाली गेलं आणि त्या किंचाळल्या, "अय्यो! आंत गेलें! मोडलें कीं काय?" घाबरून त्यांनी पाय उचलला. हवा आत.

"काही मोडलं नाही. ते तसंच जातं. पुन्हा करू."

"आधीं सांगायला नको?" त्या शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या. मी आडवा पडल्यापडल्याच माफी मागितली.

पुढचा तासभर त्या एक-दोन-तीन म्हणत होत्या आणि मी बुडबुडे बघत होतो. चौथ्या चाकाला पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"पोदुम?" त्यांनी विचारलं.

"पुरे, आजी. झालं."

पण त्या उतरल्या नाहीत. स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या.

"आमचे हे गेले त्याला सहा वर्षें झालीं," त्या म्हणाल्या. "मुलगा, सून तमिळ बोलतात. नातवंडें इंग्लिश. बहीण होती, फोनवर बोलत असे. तीही गेली. आतां मी मनांतच बोलतें. आज तोंडानें बोललें."

मी चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या. म्हणालो, "आजी, पुढच्या रविवारी समुद्रापर्यंत चक्कर मारू या का?"

"बघूं," त्या म्हणाल्या. "गुडघे काय म्हणतात तें बघूं."

दुपारी मी एकटाच आयटी पार्कच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. वेग घेतला, ब्रेक दाबला. जीप जराही बाजूला न ओढता सरळ रेषेत थांबली. मित्राला फोटो पाठवला. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, 'मस्त.'

पुढच्या रविवारी कारखान्यात काम निघालं. त्यापुढच्या रविवारी त्यांचे गुडघे दुखत होते. महिन्याभरात त्यांच्या मुलाची बदली कोइंबतूरला झाली. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मी कामावर होतो. आजी माझ्याकरता थांबल्या होत्या, असं वॉचमन म्हणाला.

एकट्यानं हवा काढता येते असा एक हातपंप मिळतो. पुढच्या वर्षी ब्रेकचं तेल बदलायची वेळ आली, तेव्हा मी तो मागवला. काम चोख करतो. वीस मिनिटांत चारही चाकं होतात आणि कोणाशी एक शब्द बोलावा लागत नाही.