न उघडलेला रॅम्प

इंदूरला उतरलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि माझं मनही काही फार उजळ नव्हतं. एरवी मी इथे खायला येतो, हे कबूल करायला लाज कसली. या खेपेला मात्र मावसबहीण सुनंदाने मुद्दाम बोलावलं होतं. ती चाकाच्या खुर्चीवर असते आणि पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. तिला रोज सोडणाऱ्या भावाची बदली झाली होती. बसने एकटीला जाता आलं तरच नोकरी टिकणार होती. पहिल्या दिवशी मी नुसतं सोबत यायचं, हात लावायचा नाही, अशी तिची अट.

नाक्यावर पोहे खाल्ले, वर जीरावण (इथला आंबट-तिखट मसाला). सुनंदाने दोन घास घेऊन प्लेट माझ्याकडे सरकवली. मी ती निमूट संपवली.

रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नव्हता, पण फुटपाथ जागोजागी तुटक होता. स्टॉपवर पोचेपर्यंत तिला घाम फुटला.

बस आली. दाराशी घडीचा रॅम्प होता आणि त्यावर कुणाची तरी सियागंजच्या घाऊक बाजारातून आणलेली पोती. सुनंदाने रॅम्प उघडायला सांगितलं. कंडक्टर हसतमुख माणूस.

"दीदी, उसकी क्या जरूरत, हम हैं ना," म्हणत त्याने आत हाक दिली. दोन भिया (भाऊ; इंदुरात कुठलाही पुरुष भियाच) लगेच उतरले. कुणीही कुरकुरलं नाही. तिघांनी खुर्ची धरली, चौथी बाजू रिकामी राहिली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी हात लावला.

वर जाताना सुनंदाने ओढणी मुठीत धरून डोळे मिटून घेतले होते.

पोलोग्राउंडला उतरतानाही तेच. बस गेल्यावर तिने चुरगळलेली ओढणी सारखी केली.

"ते लोक चांगले आहेत रे, दादा," ती म्हणाली. "पण मी रोज चार चांगले लोक कुठून आणू? तू हात लावला नसतास ना, तर मजबूरी में त्याला रॅम्प खोलावाच लागला असता."

दोन दिवसांनी मी निघालो तेव्हा तिने नोकरी सोडल्याचं कारखान्याला फोनवर कळवलेलं होतं. फाटकापर्यंत येऊन तिने वाटेसाठी शेवेचा पुडा दिला. तो अजून फोडवत नाही.

लोक विचारतात, इंदूर कसं वाटलं. स्वच्छ आहे, माणसं फार मदत करणारी, असं सांगतो. ते खोटं नाही. त्या सकाळी मीही त्यांच्यातलाच एक होतो, आणि माझ्या बहिणीची नोकरी गेली.