स्वच्छ पातळ

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. बिस्किटं मात्र आधी संपवा, कारण हा किस्सा बिस्किटांबरोबर ऐकायचा नाही. मध्ये कोणी नाक मुरडलं तर मी तिथेच थांबेन, आणि माझी फजिती अर्धवट ऐकण्यात काय मजा?

मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझा दरारा असा, की कोपऱ्यावरचा वाणी डाळ-तांदळाच्या भावाची पाटी लिहिली की बाहेर टांगण्याआधी मला दाखवायचा. लोक लग्नाच्या पत्रिका छापायला टाकण्याआधी माझ्याकडे आणायचे. मी लाल पेन कायम खिशात ठेवून फिरायचो. लग्नाला जातानासुद्धा!

नव्वदच्या पुढची गोष्ट. शौचाला रक्त पडायला लागलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मात्र सुधाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगावं लागलं. वर्गात कितीही छाती काढून उभा राहिलो तरी मी घाबरलो होतो. खोटं कशाला बोलू? माझे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले, पंचावन्नाव्या वर्षी. मला चोपन्नावं चालू होतं.

ठाण्याला पोटाचे एक चांगले डॉक्टर आहेत असं कळलं. गेलो. दारावरची पाटी वाचली आणि उडालोच! डॉक्टर मिलिंद... आडनाव राहू द्या, माणूस आता मोठा झालाय. नववी ब! तिसरा बाक, खिडकीकडचा! गणितात पहिला, आणि मराठीत 'पाणी'ला जन्मभर 'पानी' लिहिणारा.

"सर, तुम्ही?" असं म्हणून तो उठून वाकला. पाठीवर थाप मारून मी आजार सांगितला. त्याचा चेहरा जरा गंभीर झाला.

"सर, आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करू या. त्याआधी पोट पूर्ण साफ हवं. दोन पद्धती आहेत. जुनी म्हणजे दोन दिवस एरंडेल आणि सकाळी एनिमा. नवी म्हणजे ही पावडर दोन लिटर पाण्यात घोळायची आणि दर दहा मिनिटांनी ग्लासभर प्यायची. कुठली घेता?"

"तुलना करून कळवतो," मी म्हणालो. सवय हो, दुसरं काय!

त्याने सूचनांचा एक टाईप केलेला कागद हातात दिला. घरी येऊन मी त्याच्या मागच्या बाजूला रकाने आखले. वर मथळा घातला, 'फरक स्पष्ट करा.' डावीकडे एरंडेल : चिकट, उग्र, पोटात मुरडा, वेळेचा भरवसा नाही. उजवीकडे पावडर : खारट, पण मुरडा नाही, आणि सगळा कारभार एकाच संध्याकाळी आटोपणार.

पण नुसत्या पुस्तकी ज्ञानावर विसंबणारा मी नव्हे. तळमजल्यावर आमचे घरमालक गणपतशेठ राहायचे. जुने आगरी गृहस्थ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी, आणि शीळफाट्याकडे तेव्हाही त्यांचा भात पिकायचा. त्यांची हीच तपासणी आदल्या वर्षी झाली होती, एरंडेलावर.

"मास्तर, एरंडेलाचा नाव नको काढू!" शेठ कळवळून म्हणाले. "अख्खी रात मी संडासान व्हतो. नातवाला वाटला, आजा गावाला गेला!"

"म्हणजे पावडरच बरी?"

"पावडर घे नायतर काय बी घे. पन आदल्या दिशी मी निस्ता पेजेचा पानी पिलो, गाललेला. पोटान येक दाना नाय. त्यो म्हत्त्वाचा!"

मी हसलो. मोठेपणाने हसलो म्हणा ना. "शेठ, तुम्हाला तोंडी सांगितलं होतं. माझ्याकडे लेखी सूचना आहे."

आता ती लेखी सूचना ऐका. 'आदल्या दीवशी फक्त स्वछ पातळ घेने.' एका ओळीत तीन चुका! कागद मिलिंदनेच तयार केलाय हे मी वासावरून सांगितलं असतं. लाल पेन आपोआप बाहेर आलं. दिवशी. स्वच्छ. घेणे. तिन्ही दुरुस्त केल्या आणि खाली सही ठोकली.

सुधाने कागद हातात घेतला. "स्वच्छ पातळ? म्हणजे माझं हिरवं पातळ काढून देऊ का ट्रंकेतून? धुऊन ठेवलंय."

"थट्टा पुरे. पातळ म्हणजे पातळ भाजी."

"अहो, पाणी-सरबत म्हणायचं असेल त्याला. शेठ नाही का पेजेचं पाणी म्हणाले?"

"सुधा, मराठी कोण शिकवतं, तू की मी? भाजी एकतर सुकी असते नाहीतर पातळ. 'फक्त पातळ' म्हणजे सुकी वर्ज्य. आणि 'स्वच्छ' म्हणजे नीट धुतलेली. सरळ अर्थ आहे."

"एक फोन करून विचारा ना त्याला."

"मी? माझ्याच विद्यार्थ्याला मराठी शब्दाचा अर्थ विचारू?"

सुधाने पिशवी उचलली. तिने अळू आणलं. माझ्या आग्रहावरून तीन पाण्यांतून धुतलं. चिंच, गूळ, चण्याची डाळ, खोबऱ्याचे काप आणि मूठभर शेंगदाणे. काय फतफतं झालं होतं म्हणून सांगू! दुपारी तीन वाट्या घेतल्या, चारला आणखी एक. पोळी-भाताला मात्र बोट लावलं नाही. पथ्य म्हणजे पथ्य!

आमच्याकडे नळाला पाणी सहा ते सात. म्हणून आधी पिंप, बादल्या, कळशी, अगदी पातेलीसुद्धा भरून घेतली आणि मगच पावडर घोळली. पहिला ग्लास म्हणजे थेट समुद्र! चौथ्या ग्लासापर्यंत काहीच घडेना. "बघ, माझी प्रकृतीच भक्कम," असं सुधाला म्हणतोय तोच पोटात घंटा झाली आणि वाक्य अर्धवट टाकून मी पळालो. पुढचे दोन तास माझ्यात आणि त्या दारात फारसं अंतर पडलं नाही. पण मुरडा नाही हो! रकान्यात लिहिल्याप्रमाणे सगळं घडत होतं.

सकाळी ठाण्याला टेबलावर डाव्या कुशीवर आडवा. समोर टीव्हीसारखा पडदा, मागे मिलिंद, शेजारी एक सिस्टर. लाज वाटायची ती पहिली पाच मिनिटं वाटली. मग पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा दिसायला लागला आणि मी माझंच पोट बघण्यात रमलो.

"काय रे, साफ आहे ना? तुझ्या इतर पेशंटना सांग, पावडरच घ्या म्हणावं."

"हं," मिलिंद म्हणाला. मग थांबला. पडद्याजवळ वाकला.

बोगद्याच्या भिंतीला काहीतरी चिकटलं होतं. गोलसर, तांबूस, उजेडात चमकणारं.

"डॉक्टर, तिकडे अजून एक आहे," सिस्टर म्हणाली. "आणि एक तिकडे."

वडिलांचं शेवटचं दुखणं डोळ्यांसमोर उभं राहिलं. एक नाही, तीन! बाहेर सुधा बसली होती, तिला कोण सांगणार?

"मिलिंद, गाठी आहेत का रे?"

"थांबा सर, बघू दे जरा."

डॉक्टर 'थांबा' म्हणाला की माणसाने काय समजायचं? मी समजलो. आणि एकदा समजल्यावर मला गप्प राहवेना.

"मिलिंद, पुढे वेळ मिळेल न मिळेल. नववीत तू 'बंद रेल्वे फाटक' निबंध लिहिला होतास. दहापैकी चार दिले मी तुला. निबंध फार सुंदर होता रे! मला तसा जन्मात लिहिता आला नसता, त्याचाच राग आला. म्हणून शुद्धलेखनाच्या नावाखाली मार्क कापले. आणि पुढच्या वर्षापासून तोच निबंध, शुद्ध करून, माझा नमुना निबंध म्हणून फळ्यावर लिहून देतोय. दरवर्षी! मला माफ कर."

मिलिंदने नळीतून पाण्याचा फवारा सोडला. पडद्यावरची गाठ हलली. कलंडली. आणि गडगडत निघून गेली.

"सर," तो सावकाश म्हणाला, "काल काय खाल्लंत?"

"पातळ."

"कसलं पातळ?"

"अळूचं."

"शेंगदाणे घालून?"

"मूठभर."

"गाठ नाही सर, शेंगदाणा आहे. ही चण्याची डाळ. आणि इथून पुढे अळूशिवाय मला काही दिसत नाहीये. पुन्हा करावं लागेल."

सिस्टरने भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. मी जगलो होतो, पण कबुलीजबाब काही परत गिळता येत नव्हता!

"तूच लिहिलंस ना, स्वच्छ पातळ घेणे म्हणून?"

"क्लिअर लिक्विड म्हणायचं होतं सर. नारळपाणी, गाळलेलं सरबत, असं."

"मग नितळ पेय लिहायचं!"

"मराठी कच्चं आहे सर माझं. चारच मार्क होते."

आठ दिवसांनी दुसरी खेप. या वेळी गणपतशेठच्या सुनेने पेजेचं गाळलेलं पाणी तांब्या भरभरून वर पाठवलं, आणि शेठ स्वतः जिन्यात पहारा देत बसले, वर भाजी जाऊ नये म्हणून. अळूवाल्या भाजीवालीलासुद्धा त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं.

पुन्हा टेबल, पुन्हा बोगदा. मिलिंदने शेवटपर्यंत नीट पाहिलं, नळी काढली आणि म्हणाला, "काही नाही सर. साधी मूळव्याध आहे. औषधाने बरी होईल."

सांगायला लाज नाही, मी चक्क रडलो. हुंदके देऊन रडलो. सुधाला आत बोलावलं, तर तिने आधी मला धीर दिला आणि मग बाहेर जाऊन स्वतः रडली.

मी पायजम्याची नाडी बांधत होतो. सिस्टर बाहेर गेल्यावर मिलिंद हळूच म्हणाला, "सर, त्या निबंधाचं मला माहीत होतं."

"तुला कसं?"

"माझा धाकटा भाऊ दोन वर्षं मागे होता, आपल्याच शाळेत. तुम्ही तो फळ्यावर लिहून दिलात, त्याने वहीत उतरवून घोकला आणि परीक्षेत काना-मात्रा न बदलता लिहिला. तुम्ही त्याला नऊ दिलेत."

मी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"राग नाही सर. एकच विचारायचं होतं. तो दहावा मार्क कशाचा कापलात?"

आता मास्तर कितीही चिरडला तरी मास्तरच. मी ताठ उभा राहिलो.

"शुद्धलेखनाचा."

"पण सर," मिलिंद म्हणाला, "ते तर तुमच्याच फळ्यावरचं होतं."